टिटवीचं नवं

आवडाबाईने अकरा वर्षं भाताचं शीत तोंडात घातलं नव्हतं. आगऱ्याच्या घरातली बाई, आणि भात नाही! ऐकणाऱ्याला पटायचंच नाही. पेज नाही, घावन नाही, तांदळाची भाकरी नाही. लग्नाकार्याला गेली तरी पदरात नाचणीची भाकरी बांधून न्यायची आणि पंगतीत सगळ्यांदेखत गाठ सोडून खायची. यजमानीण बिचारी कानकोंडी व्हायची. पण सांगणार कोण? मानपाड्याच्या पलीकडे, मलंगगडाच्या बाजूला जे पाडे आहेत, तिथे आवडाबाईच्या तोंडाला लागायची छाती दोघांचीच. एक तिची सून शकू, आणि दुसरा तिचा चुलतदीर परशुराम. भात सुटला होता तो या परशुरामाच्याच पायी.

लढाईची वर्षं होती. सरकारला विमानं उतरवायला सपाट जागा हवी होती. भर वैशाखात साखळ्या आणि निशाणं घेऊन साहेब लोक आले. त्या दिवशी आवडाबाई आणि तिचा नवरा काळुराम ठाण्याला कोपरीत होते, तिच्या भावाकडे हळदीला. इकडे गावात साहेबापुढे उभा राहिला परशुराम. कल्याणच्या मिलिटरी डेपोत दोन वर्षं हमाली केलेली, तेवढ्या भांडवलावर तो पंच झाला आणि मजुरांचा मुकादमही झाला. धावपट्टी न्यायची तर एक तर परशुरामाच्या शेतातून, नाही तर शेजारच्या काळुरामाच्या. काळुरामाचं खाचर लांबलचक, वरच्या अंगाला जिवंत झरा. पण दिवस राब भाजायचे. पाला-शेण जाळून सगळं खाचर काळंठिक्कर पडलेलं. साहेबाला त्यातलं काय कळतंय?

परशुरामाने हात लांब केला आणि सांगितलं, "ये माळ हाय साहेब. पडीक. कुसळाबिगर काय उगवत नाय."

झालं. हळदीचे हात धुवून नवराबायको परत आली तेव्हा खाचरात खुंट्या ठोकलेल्या होत्या. काळुराम हट्टाने त्या साली भात लावून मोकळा झाला. गणपती गेले, भात निसवला, लोंब्या डोलू लागल्या, आणि मग दगडाचे ट्रक आले. मजुरीला गावातलेच लोक लावले होते. मुकादम परशुरामाने चुलतभावालाही पाटी दिली डोक्यावर. आपल्याच उभ्या भातावर काळुराम दगड ओतत राहिला, आणि बांधावर छत्री उघडून परशुराम उभा. त्या दिवसानंतर काळुराम कुणाशी धड बोलला नाही. शिमग्याच्या आधी गेला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दुपार टळली. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला तेव्हा आवडाबाई उठली, पिंडासमोर गेली आणि भावकीदेखत ओरडून म्हणाली, "धनी, रान तुमचंच व्हतं ह्ये मी परशुरामाच्याच तोंडातून काढीन. चार लोकांत काढीन. तवर मला भात वर्ज्य!"

कावळा शिवला. परशुरामही तिथेच होता, उपरण्याने घाम पुसत. तो नुसता हसला.

लढाई संपली, विमानं गेली, स्वराज्य आलं. धावपट्टी मात्र तशीच पडून राहिली, आणि तिच्या कडेला पत्र्याचा भलामोठा हँगर. गावात त्याला विमानाचा गोठा म्हणत. परशुराम आता परशुरामशेट झाला होता. गावचा सरपंच तोच, आणि धावपट्टीच्या दोन्ही अंगांचं गवत कापायचा ठेकाही त्याच्याकडेच. त्याने तिथे राखणदार बसवला. गावातल्या बाईची शेळी आत शिरली तरी कोंडून ठेवायचा. ज्यांची शेतं त्या सिमेंटखाली गेली, ते सरकारदरबारी अर्ज करून थकले. दर वेळी विचारणा यायची ती सरपंचाकडेच, आणि सरपंचाचं उत्तर ठरलेलं. माळ होता, साहेब. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

आवडाबाई गप्प होती. गप्प म्हणजे विसरली नव्हती. काळुरामाच्या घराण्यात झिणी नावाचं बारीक, वासाचं भात होतं. ते बी गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. दर पावसाळ्यात ती घरामागे, मोरीच्या पाण्यावर, ओंजळभर झिणी लावायची, आणि येईल ते पुन्हा बियाण्यालाच ठेवायची. मोरीच्या पाण्यावर त्या भाताला वास कुठला यायला! पण बी जगलं.

आणि मग गोठ्यात डोंबिवलीची माणसं आली.

त्यांचा म्होरक्या गुरुदत्त. लढाईत याच तळावर तो विमानांच्या पंखांची डागडुजी करायला होता. ब्रह्मदेशाकडून भोकं पडून आलेली विमानं, त्यांना ठिगळं लावायचं काम. आता मुंबईत कुठल्याशा कचेरीत नकाशे काढायचा. पण हाताची खाज जाईना. त्याने शाळामास्तर श्रीपाद आणि आणखी चारपाच नोकरदार पोरं गोळा केली. दर रविवारी डोंबिवलीहून सायकली हाणत यायचे आणि गोठ्यात विमान बांधायचे. बिनइंजिनाचं, वाऱ्यावर तरंगणारं. लाकडाचा सांगाडा, वर मांजरपाट, बसायला उघडी फळी, एवढाच संसार.

परशुरामाने जागा दिली, बांबू दिले, गावातला सुतार तानाजी दिला. लोक म्हणाले, शेट सुधारला. सुधारतोय कसला! प्रांतसाहेब गावात येऊन त्या जमिनीचा काय तो निकाल लावणार असं त्याला कळलं होतं. शेतकऱ्यांना परत द्यायची, की सार्वजनिक कामाला द्यायची? विमानाचा क्लब निघाला, अध्यक्ष सरपंच झाला, की धावपट्टी आणि गवताची सगळी रानं कायमची त्याच्या मुठीत.

पंखांना कापड शिवायला बायका हव्यात असं गुरुदत्तने विचारलं, तेव्हा पहिली उभी राहिली आवडाबाई. परशुराम पोट धरधरून हसला.

"काय वयनी, आता इमान शिवनार?"

"व्हय भाऊजी. गोधड्या शिवून कंटाळा आला."

राखणदाराने तिच्यासाठी फाटक उघडलं. दहा वर्षांनी ती त्या जमिनीवर चालली. पायाखाली सिमेंट होतं, पण पाय कुठे वळायचा तिथेच वळला. धावपट्टीच्या टोकाला गवत पुरुषभर वाढलेलं. ते बाजूला सारलं तर आत काय? झरा सिमेंटाला मुळीच घाबरला नव्हता. त्याने कडेची लादी उचलून फोडली होती आणि खालची काळी माती वर आणून ठेवली होती. दोन घोंगड्या अंथराव्यात एवढी जागा, पण ओली, लोण्यासारखी. आवडाबाई तिथे खाली बसली आणि हुंदका आवरायला तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग तोंड पुसून गोठ्यात गेली आणि म्हणाली, "हं, दावा सुई कुठं हाय ती."

तिथून पुढे वर्षभर रविवार चुकला नाही. आली होती वैर साधायला, पण कामाने तिला पकडलंच. तानाजी फासळ्या तासायचा, पोरं त्यांना सरस लावून दाबून धरायची, श्रीपाद मास्तर पट्टीने मोजून "अर्धा सूत चुकलं!" म्हणून बोंबलायचे, आणि बायका वीतभर लांब सुईने कापड फासळीला जखडायच्या. पहिल्याच दिवशी आवडाबाईने गोणपाट शिवावं तसा दोरा आवळला आणि फासळी काड्कन मोडली. सगळे गार! गुरुदत्त म्हणाला, "मावशी, हे पाखराचं हाड आहे. जरा दमानं." तिने जीभ चावली आणि शिवलेलं सगळं उसवलं. पुढे कापडाला रोगण लावलं, पिकल्या केळ्यांच्या वासाचं. त्या वासाने बायकांना भोवळ यायची, पण कापड वाळलं की ढोलकीगत ताणून बसायचं. आवडाबाई येता-जाता त्यावर टिचकी मारून बघायची.

विमानाचं नाव ठेवलं टिटवी.

"अरे देवा! टिटवी?" आवडाबाई म्हणाली. "अपशकुनी मेली! दुसरा पाखरू मिळाला नाय?"

"मावशी, या धावपट्टीवर लढाईत साधी चिमणी टिकत नव्हती," गुरुदत्त म्हणाला. "टिटवी तेवढी अंडी घालायची, अगदी सिमेंटाच्या कडेला. विमान अंगावर आलं तरी हलायची नाही. गोरे वैमानिकसुद्धा तिला सलाम ठोकायचे."

आवडाबाईने पुन्हा सुई उचलली. नाव तिला पटलं होतं.

दुपारी सगळे डबे सोडायचे. गुरुदत्त आपली पोळी तिला द्यायचा आणि तिची नाचणीची भाकरी स्वतः खायचा. भात का खात नाही म्हणून त्याने एकदा विचारलं.

"नवस हाय."

"फिटला की सांगा. तुमचा पहिला भात मी तुमच्या पंगतीला बसून खाणार. ठरलं!"

"ठरलं रे बाबा," ती म्हणाली. एरवी त्याला ती अहोजाहो करायची, त्या दिवशी तोंडातून 'रे' गेलं. तिचा पोरगा लग्नानंतर सहा महिन्यांतच तापाने गेला होता, घरी शकू आणि ती, दोघीच. असा हक्काने भात मागणारं घरात कुणी राहिलं नव्हतं.

पावसाळ्यात आवडाबाईने झऱ्याकाठच्या त्या ओलीत झिणी लावली. कोण बघतंय? राखणदार पावसात गोठ्याबाहेर पडेना, आणि परशुरामाचे मजूर गवताला हात लावायचे ते दसऱ्यानंतर. श्रीपाद मास्तर मात्र एकदा दोरी मोजत तिथवर गेले आणि परत येऊन कौतुकाने म्हणाले, "मावशी, त्या टोकाचं गवत किती नाजूक आहे हो! हिरवंगार, मऊ."

"व्हय मास्तर," आवडाबाई म्हणाली. "लई नाजूक." आणि हसू फुटू नये म्हणून तिने खोकल्याची उबळ काढली.

भाद्रपदात झिणी निसवली. आवडाबाई गवतात शिरली आणि उंबऱ्यावर थबकावं तशी थबकली. वास आला होता. तोच! काळुराम जिवंत असताना खाचरावरून वारा सुटला की ओटीपर्यंत यायचा, तो. तिला रडू आलं नाही. तिने मनात म्हटलं, परशुराम, मेल्या, आता तू आहेस आणि मी आहे.

आता गावाची एक रीत सांगायला हवी. दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या घराच्या चौकटीला, नांगराला, गाडीला बांधायच्या. त्याला म्हणायचं नवं. बांधण्याआधी लोंब्या सुपात घालून, पदराखाली झाकून, बायकांनी गावच्या मानकऱ्यापुढे न्यायच्या. त्याने न बघता चार दाणे सोलायचे, दाताखाली धरायचे आणि रान ओळखायचं. "नवं कुनाचं?" असं बाईने विचारायचं, आणि त्याने रानाचं आणि धन्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. चुकला तर नारळ बाईला द्यायचा. थट्टामस्करीचा मामला, पण मान मोठा, आणि तो कित्येक वर्षं परशुरामाकडे. आणि काही म्हणा, परशुरामाची जीभ अस्सल होती. शेट झाला, कोट घातला, तरी हाडाचा शेतकरी. इतक्या वर्षांत तो एकही नारळ हरला नव्हता. कुठल्या खाचराला शेण जास्त पडलं, कुठे खारं पाणी शिरलं, सगळं दाण्यावरून सांगायचा आणि मिशीवर हात फिरवायचा. या एका बढाईपायी तो जेवणावरून उठून आला असता. आवडाबाईला ते पक्कं ठाऊक होतं. भावकीतलं माणूस, कुठे गुदगुल्या होतात ते भावकीलाच माहीत.

टिटवीचं पहिलं उड्डाण दसऱ्याला ठरलं. प्रांतसाहेब त्याच दिवशी येणार होते. परशुरामानेच तसा मेळ घातला होता.

आदल्या दिवशी दुपारी शेवटचा टाका पडला. गुरुदत्त म्हणाला, "मावशी, बसा. तुमच्याआधी कुणी बसणार नाही हिच्यात." तिला हाताला धरून त्याने फळीवर बसवलं, दांडी हातात दिली. तिने ती डावीकडे सारली तर तिकडे लांब, पंखाच्या टोकाला, तिनेच शिवलेली झडप हलली. "अगं बाई!" ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी पुन्हा पुन्हा हलवून बघू लागली. गुरुदत्तचे डोळे भरून आले होते.

"उद्या रबराचा दोर गाव ओढणार, गलोलीतल्या खड्यासारखी ही सुटणार. पुरुषभर उंच जाईल, शेदोनशे हात तरंगेल. बस, एवढंच. पण जाईल, मावशी!"

आवडाबाईचे हात दांडीवरच थांबले. उद्या परशुरामाच्या तोंडून काळुरामाचं नाव निघालं, तर साहेब ही जागा कुणाला वापरू देणार नाही. चौकशी लागेल आणि टिटवी उडायची नाही. हे तिला आजच कळलेलं नव्हतं, पण आज ते टोचलं. आधी उडू द्यावं आणि मग सूप न्यावं का? तिने विचार करून बघितला. टिटवी उडाली की साहेब आभाळाकडे बघणार, टाळ्या पिटणार, परशुरामाच्या गळ्यात हार पडणार. साहेब खूश होऊन तिथल्या तिथे जागा क्लबाला देऊन टाकणार. मग खालच्या मातीकडे कोण बघतंय? आणि काळुराम? तो तसाच दगडाखाली राहणार. सूप जायचं तर आधीच जायला हवं.

"काय झालं, मावशी?"

"काय नाय. उतरव मला."

दसऱ्याला गोठ्याबाहेर सारं गाव लोटलं. टिटवीला झेंडूचे हार, नाकाला कुंकू. पुढे दोन्ही बाजूंनी रबराचा दोर पसरलेला आणि तो धरून गडी माणसं जय्यत उभी. प्रांतसाहेब जीपमधून उतरले. परशुराम नव्या कोटात, कानाला अत्तराचा फाया. आल्या आल्या साहेबांनी शेतकऱ्यांच्या अर्जांचं विचारलं. परशुराम मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "साहेब, मीच पंच होतो तेव्हा. तेव्हाबी माळ, आतापन माळ. कुसळाबिगर हितं कायपन उगवलं नाय, उगवायचं नाय. ही जागा देवानंच इमानासाठी केली."

अर्ज केलेले म्हातारे खाली माना घालून उभे राहिले. आवडाबाईने सूप पदराखाली घट्ट धरलं.

पूजा झाली. नव्याची सुपं घेऊन बायका पुढे सरकल्या. साहेबांना रीत समजावून सांगताना परशुराम फुलून गेला. "डोळे बांधा साहेब, रान सांगतो!" साहेब हसले आणि खरोखरच स्वतःचा रुमाल पुढे केला. पहिलं सूप कुणाचं? गुरुदत्त ओरडला, "आवडामावशींचं! टिटवीचा पंख अन् पंख त्यांच्या हातचा आहे. टिटवीचं नवं त्याच बांधणार."

आवडाबाईचा पाय क्षणभर अडखळला. मग ती पुढे गेली, डोळे बांधलेल्या दिरासमोर वाकली आणि पदर बाजूला केला.

परशुरामाने लोंबी कुस्करली. दाणा दाताखाली जायच्या आधीच त्याच्या नाकपुड्या फुलल्या. त्याने आणखी दोन दाणे घेतले, चावले, मान मागे टाकली. चेहरा असा झाला की जणू आई हाक मारतेय. आता त्याला पुढारीपण आठवलं नाही, साहेब आठवला नाही, काही नाही. त्या क्षणी तो बांधावरून पळणारा आगऱ्याचा पोर होता.

"झिणी!" तो ओरडला. "साहेब, ही झिणी! अहो, हा वास साऱ्या मुलखात दुसरीकडं येत नाय. जिवंत झऱ्याचं पानी लागतं त्याला. घरामागं लावा, तळ्यावर लावा, नाय येनार! नारळ ठेवा बाजूला. ये झऱ्याच्या खाचरातलं!"

"धन्याचं नाव घ्या, भाऊजी," आवडाबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "नवं कुनाचं?"

"काळुरामाचं! काळुरामाच्या रानाचं नवं!"

म्हणाला, आणि मिशीवर हात फिरवायला त्याने हात उचलला. हात अर्ध्यावर राहिला. आजूबाजूला टाळी नाही, हसू नाही. दोर धरलेले गडी दोर सोडून उभे. परशुरामाने रुमाल खाली ओढला आणि समोर वयनीचा चेहरा बघितला.

साहेब अजून हसतच होते. "वा, सरपंच! आणि हे झऱ्याचं खाचर आहे कुठे?"

परशुरामाची नजर धावपट्टीच्या टोकाकडे गेली आणि झटकन वळली.

"सांगा की भाऊजी," आवडाबाई म्हणाली. "तुमीच वळखलं." मग तिनेच हात लांब केला. अकरा वर्षांपूर्वी त्याने केला होता तसाच. "साहेब, त्या गवतात. धावपट्टीच्या टोकाला. काल झिणी कापली, मुंडे अजून वले हायत."

साहेब गेले. मागोमाग गाव गेलं. गवत बाजूला सारताच साहेबांचा चकचकीत बूट घोट्यापर्यंत चिखलात गेला. फुटलेली लादी, तिच्याखालून झुळझुळणारं पाणी, आणि ओळीने कापलेल्या भाताचे बुडखे. साहेबांचं हसू गेलं होतं.

"सरपंच, तासाभरापूर्वी तुम्ही मला काय सांगितलंत?"

मागून एक म्हातारा ओरडला, "आमचंपन माळच सांगितलं व्हतं यानं! आमच्या खाचराची चव घे की आता, परशुराम!" मग दुसरा, मग तिसरा. कोट घातलेला माणूस गर्दीत एवढासा दिसू लागला. तो आवडाबाईपाशी आला.

"वयनी, भरसभेत तू माझं नाक कापलंस."

"मी काय बोलले भाऊजी? मी त नुसतं सूप पुढं केलं."

पण खरा घाव त्यानंतर बसला. बाकीच्या बायका सुपं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे बघितलं, सुपांवर पुन्हा पदर ओढले आणि परशुरामासमोरून घराकडे चालू लागल्या. एकही थांबली नाही. जन्मभर ज्या जिभेचा मान त्याने मिरवला, तिच्यापुढे कुणी दाणा धरेना. परशुराम हात पसरून उभा होता, दाणा घ्यायला पसरावा तसा. आवडाबाईने ते डोळे भरून बघितलं. अगदी शेवटची बाई वळेपर्यंत.

साहेबांनी हुकूम दिला: जमिनीची चौकशी होईतो इथे काही करायचं नाही. गवत कापायचं नाही, आणि विमानही उडवायचं नाही. गुरुदत्त हात जोडून म्हणाला, "साहेब, एकच, फक्त एकदा." साहेबांनी नकारार्थी मान हलवली आणि ते जीपमध्ये बसले.

आवडाबाईने घरी येऊन झिणी उखळात सडली. तांदूळ फार निघाले नाहीत, पण दोघांना पुरतील. शकूने चूल पेटवली. भात रटरटू लागला आणि वास ओटीवर आला, तेव्हा सूर्य मलंगगडाकडे कलला होता. आवडाबाईने दोन पत्रावळी मांडल्या. एक आपली आणि एक गुरुदत्तची. कबूल केलं होतं त्याने.

तो आला. सायकल कुंपणाच्या वईला टेकवून अंगणात उभा राहिला. हात रोगणाने चिकटलेले.

"पंख सोडवले. उद्या बैलगाडीतून नेतो."

"कुठं ठेवशील? माझ्या पडवीत ठेव. जागा हाय."

त्याने ऐकलं नाही असं केलं. "मावशी, वर्षभर शिवत होतात, तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला? टिटवी उडणार नाही म्हणून?"

खोटं बोलता आलं असतं. पण एक खोटं बोलणाऱ्याचं नाक तिने आजच कापलं होतं.

"सुरवातीपासून नाय. पन व्हतं. काल तू मला बसवलंस, तवा त पुरतं ठाऊक व्हतं."

"एक उड्डाण झाल्यावर सूप आणलं असतंत तर?"

"मग कुनी खाली बघितलं नसतं."

गुरुदत्त हातावरचं रोगण खरवडत राहिला. आतून भाताचा वास येत होता, त्यालाही येत असणार. शकूने बाहेर येऊन, "या की भाऊ, पान मांडलंय," म्हटलं. त्याने शकूकडे बघितलं, ओटीवरच्या दोन पत्रावळींकडे बघितलं. "नको," एवढं म्हणून सायकल काढली. पाणीसुद्धा प्यायला नाही.

तो वळणाआड जाईपर्यंत आवडाबाई उभी होती. मग ओटीवर येऊन बसली, आणि शकूने दोन्ही पानांवर भात वाढला. पहिला घास तिने काळुरामाच्या नावाने बाहेर वईवर ठेवला. दुसरा तोंडात घातला.

भात गोड होता. घशाखाली उतरेना असं काही झालं नाही. तिने एक शीत सांडू न देता पान संपवलं. परशुरामाचा तो पसरलेला हात आठवला आणि आणखीच गोड लागला.

समोरच्या पानावरचा भात तसाच वाफाळत होता. शकू हळूच म्हणाली, "आत्या, यो झाकून ठेवू? येतील उद्या."

"नाय येत तो," आवडाबाई म्हणाली. ते पान तिने आपल्याकडे ओढलं आणि तोही भात खाल्ला.